चेस्टर विल्यम्स : पोस्टरवरच्या चेहऱ्यामागचा इतिहास

1995 च्या रग्बी विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेतल्या जाहिरात फलकांवर एक चेहरा ठळक दिसत होता, डाव्या विंगवर (मैदानाच्या डाव्या कडेला) खेळणाऱ्या चेस्टर विल्यम्सचा. यजमान संघातला तो एकमेव गौरेतर खेळाडू. मंडेला सत्तेवर येऊन जेमतेम वर्ष झालं होतं, त्यामुळे त्याला नुसतं दाखवण्यापुरतं घेतलंय, अशी कुजबुज झालीच. ती किती अन्यायाची होती, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

विल्यम्सचा जन्म 1970 चा, केपमधल्या पार्ल गावचा. केपच्या मिश्रवंशीय वस्त्यांत रग्बी एकोणिसाव्या शतकापासून मुरलेली. त्यांचे स्वतःचे क्लब होते, स्पर्धा होत्या, मंडळही होतं. स्प्रिंगबॉक, म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा राष्ट्रीय संघ, मात्र फक्त गोऱ्यांचा. 1981 मध्ये एरॉल टोबायस आयर्लंडविरुद्ध खेळला आणि कसोटी (रग्बीत देशादेशांतला सामना) खेळणारा पहिला कृष्णवर्णीय स्प्रिंगबॉक ठरला. 1984 मध्ये इंग्लंडविरुद्ध चेस्टरचे काका अ‍ॅव्हरिल विल्यम्सही खेळले. पण वर्णभेद कायम असताना गोऱ्यांच्या मंडळाशी जुळवून घेणं अनेकांना फितुरी वाटे. ‘असामान्य समाजात सामान्य खेळ होऊ शकत नाही’ ही वर्णभेदविरोधी क्रीडा संघटनांची घोषणा होती. म्हणजे संघात जागा मिळाली, तरी आपल्याच माणसांचे बोल ऐकायचे. या कोंडीत किती गुणी खेळाडूंची उमेदीची वर्षं वाया गेली असतील, या विचाराने आजही हळहळ वाटते.

1992 मध्ये दोन्ही बाजूंची मंडळं एक झाली. पुढच्याच वर्षी चेस्टर अर्जेंटिनाविरुद्ध पहिली कसोटी खेळला.

विश्वचषकाच्या तोंडावर मांडीचा स्नायू दुखावल्याने तो संघाबाहेर गेला होता. कॅनडाविरुद्धच्या सामन्यात मैदानावर हाणामारी झाली, पीटर हेंड्रिक्सवर बंदी आली आणि विल्यम्सला परत बोलावणं आलं. उपांत्यपूर्व फेरीत पश्चिम सामोआविरुद्ध त्याने चार ट्राय केले, म्हणजे चार वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवून गुण मिळवले. एकाच कसोटीत चार ट्राय करणारा तो पहिला स्प्रिंगबॉक. दाखवण्यापुरत्या घेतलेल्या खेळाडूकडून असा खेळ होत नाही. अंतिम सामन्यात न्यूझीलंडला जादा वेळेत 15-12 असं हरवणाऱ्या संघातही तो होता.

नंतर गुडघ्याच्या दुखापतींनी त्याची चांगली वर्षं खाल्ली. तरीही 27 कसोटींत 14 ट्राय, हा कुठल्याही विंगरला शोभणारा हिशेब आहे. संघातल्या काही सहकाऱ्यांकडून वर्णद्वेषी शेरे ऐकावे लागले, हे त्याने निवृत्तीनंतर उघड सांगितलं. सगळा देश एकदिलाच्या आठवणीत रमलेला असताना हे बोलायला, माझ्या मते, चार ट्राय करण्याहून जास्त धैर्य लागलं असेल.

पुढे त्याने दक्षिण आफ्रिकेच्या सेव्हन्स (सात-सात खेळाडूंची रग्बी) संघाला, नंतर युगांडा आणि ट्युनिशियालाही प्रशिक्षण दिलं. सप्टेंबर 2019 मध्ये, वयाच्या 49 व्या वर्षी हृदयविकाराने तो गेला, तेव्हा तो वेस्टर्न केप विद्यापीठाच्या संघाचा प्रशिक्षक होता. वर्णभेदी सरकारने 1960 मध्ये मिश्रवंशीयांपुरतं म्हणून काढलेलं हेच ते विद्यापीठ.