स्पीकरच्या पेटीला आतून पट्ट्या लावण्यापूर्वी

"बेस नुसता घुमतोय, वूफर बदलून द्या," असं म्हणत पुष्कळ ग्राहक येतात. आम्ही आधी पेटीच्या बाजूच्या फळीवर बोटाच्या पेराने ठोकून बघतो. कडेला कोरडं 'टक' आणि मध्यभागी लांबणारं 'ढब्ब' ऐकू आलं, तर बहुतेक वेळा वूफर, म्हणजे खालचे स्वर वाजवणारा मोठा स्पीकर, निर्दोष असतो. एखाद्या ठरावीक स्वराला फळीच थरथरते आणि पुरुषाचा आवाज पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा येतो.

आतून पट्ट्या लावणं, म्हणजे ब्रेसिंग, हा त्यावरचा उपाय. पट्टीमुळे कंप नाहीसा होत नाही. फळी ताठ झाल्याने तो वरच्या फ्रिक्वेन्सीला, म्हणजे उंच स्वराला सरकतो. तिथे फळी हलते कमी आणि उरलेला कंप डांबरी डॅम्पिंग शीटने शोषता येतो. आत कापूस कोंबून मात्र फळी थांबत नाही, कापूस फक्त हवेतला आवाज शोषतो.

किती पट्ट्या, यापेक्षा कुठे लावल्या हे महत्त्वाचं. ६० सेंमी उंच, ३५ सेंमी खोल अशी बाजूची फळी घ्या. बहुतेक जण मधोमध आडवी पट्टी मारतात. कडा नुसत्या टेकलेल्या आहेत असं धरून ढोबळ गणित केलं, तर त्याने कंपाची फ्रिक्वेन्सी पावणेदोन पट होते. तीच पट्टी उभी, लांबीच्या दिशेने लावली तर तिपटीहून थोडी जास्त. शिवाय ती अगदी मध्यावर नको, जरा बाजूला घ्या, म्हणजे दोन्ही भाग एकाच स्वराला थरथरणार नाहीत.

पट्टी कडेवर उभी करून चिकटवा. १८ × ५० मिमीची पट्टी आडवी निजवली तर तिचा स्वतःचा ताठपणा कडेवर उभ्या पट्टीच्या जेमतेम आठव्या हिश्श्याइतका राहतो. लाकूड मात्र तेवढंच!

समोरासमोरच्या दोन फळ्यांमध्ये आडवा दांडा टाकला तर फायदा चांगला होतो, पण एक गोष्ट हमखास विसरली जाते. वूफर आतली हवा दाबतो तेव्हा दोन्ही फळ्या एकदमच बाहेर फुगतात, म्हणजे दांड्यावर ताण येतो. नुसता ठोकून घट्ट बसवलेला दांडा अशा वेळी सुटतो आणि खडखडतो. दोन्ही टोकांना गोंद हवाच. दांडा जरा लांब कापून जबरदस्तीने बसवू नका, पेटीचे सांधे उघडतात. एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या) कडेत स्क्रू घालायचाच असेल तर आधी बारीक भोक पाडा, नाहीतर फळी उलते.

तयार पेटीत सगळं काम वूफरच्या भोकातूनच करावं लागतं, म्हणून लाकूड कापण्याआधी पुठ्ठ्याची पट्टी आत जाते का ते बघा. वूफर काढण्यापूर्वी ॲम्प्लिफायर बंद करा आणि तारांवर खूण करून ठेवा. वूफरचा मॅग्नेट स्क्रूड्रायव्हर कसा खेचतो ते आम्ही एक कोन (वूफरचा पुढचा हलणारा पडदा) फाडून शिकलो आहोत, तेव्हा एक हात कोनवर आडवा धरा. पेटीला पोर्ट, म्हणजे हवेसाठी ठेवलेली नळी असेल, तर त्याच्या आतल्या तोंडासमोर निदान पोर्टच्या व्यासाइतकी जागा मोकळी सोडा. वूफरची पाठही कोंडू नका.

"पट्ट्यांनी पेटीतली जागा कमी होईल ना?" होते, पण थोडीच. १८ × ५० मिमीची ३० सेंमी पट्टी ०.२७ लिटर जागा घेते. ३० लिटरच्या पेटीत अशा तीन लावल्या तरी तीन टक्क्यांच्या आतच.

लहान, जाड फळीच्या पेटीला आम्ही ब्रेसिंग सुचवत नाही. बीबीसीच्या एलएस३/५ए या छोट्या स्पीकरची पेटी तर पातळ बर्च प्लायवुडची आहे आणि तिच्यात भर आहे तो डांबरी डॅम्पिंगवर.

गोंद पूर्ण वाळायला एक दिवस द्या, मगच वूफर बसवा. त्यानंतरही बारीक झणझण येत असेल तर पट्ट्या उखडू नका. आधी आतली सैल तार आणि मागच्या टर्मिनल प्लेटचे स्क्रू तपासा.