जास्वंदीवर पडलेला केवडा

सांगलीच्या परसबागेत जास्वंद पिवळी पडू लागली, की अनेकांचा हात आधी युरियाकडे जातो. युरियात ४६ टक्के नत्र असते आणि नत्र कमी पडल्यास पाने पिवळी होतात, हे खरेच. परंतु तो पिवळेपणा खालच्या जून पानांपासून सुरू होतो, कारण झाड जुन्या पानांतील नत्र काढून नव्या पालवीला पुरवू शकते. लोहाची तशी सोय नसते. ते एकदा पानात स्थिरावले की फारसे हलत नाही, त्यामुळे लोह कमी पडल्यास शेंड्याची पानेच पिवळी होतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. उसावर ही खूण दिसली, की शेतकरी ‘केवडा पडला’ असे म्हणतो.

वास्तविक काळ्या मातीत लोहाचा तुटवडा नसतो. मात्र ती चुनखडीयुक्त असेल आणि तिचा सामू (पीएच) आठच्या आसपास असेल, तर लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडते, आणि नुसते हिराकस (फेरस सल्फेट) मातीत टाकले तरी त्याचीही लवकरच तीच गत होते. शेणखतात मुरवून दिलेले हिराकस त्यापेक्षा बरे. चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून सेंद्रिय रेणूने वेढलेले लोह, घ्यायचे असेल, तर पुडीवरची बारीक अक्षरे वाचावीत. ‘ईडीटीए’ प्रकारचे लोह अशा मातीत फार टिकत नाही, ते पानांवर फवारण्यास ठीक. मातीत देण्यासाठी ‘ईडीडीएचए’ प्रकार महाग असला तरी तोच घ्यावा. कुंडीत सतत पाणी साचत असेल, तर आधी ते थांबवावे, कारण चुनखडीच्या ओल्या मातीत केवडा अधिक बळावतो.

फुले यावीत म्हणून जास्वंदीला मूठभर डीएपी खत घालण्याची सवय मला विशेष खटकते. त्यात ४६ टक्के स्फुरद (फॉस्फेट) असते आणि स्फुरदाचा अतिरेक लोहाची टंचाई आणखी वाढवतो.

परसबागेतील भाज्यांपैकी पालकाला नत्र मानवते. मेथी पालेभाजी म्हणून विकली जात असली, तरी ती घेवड्याप्रमाणे शेंगावर्गीय आहे. तिच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र मिळवून देतात, त्यामुळे तिला युरिया बेतानेच द्यावा. टोमॅटोला फळधारणेपासून पालाश (पोटॅश) हवे. त्याच्या फळाचा तळ काळा पडला, तर कारण कॅल्शियमची कमतरता असते खरी, पण चुनखडीच्या मातीत कॅल्शियम विकत आणण्याऐवजी पाणी नियमित द्यावे. ते पाण्याबरोबरच फळापर्यंत पोहोचते.