उंबरठ्यावर अडणारी वीज

मोबाइलचा ओएलईडी पडदा उजळतो तो कार्बनी रेणूंच्या थरांमुळे. अशाच रेणूंपासून प्लास्टिकच्या वाकणाऱ्या पट्टीवर ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेच्या चिमुकल्या कळाही बनवता येतात. ज्यांतून वीज झपाट्याने धावेल असे रेणू शोधण्यावर संशोधकांनी खूप मेहनत घेतली. पण ट्रान्झिस्टर लहान करत गेले, की वेगळीच अडचण पुढे येते. थराची लांबी कमी केली की थरातला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, घटतो. धातूचा इलेक्ट्रोड आणि थर जिथे भेटतात तिथला रोध मात्र आहे तेवढाच राहतो. तो मोजायची रीत साधी आणि सुंदर आहे. वेगवेगळ्या लांबीचे ट्रान्झिस्टर बनवायचे, रोधाचा आलेख काढायचा आणि रेषा शून्य लांबीपर्यंत मागे न्यायची. तिथेही जो रोध उरतो, तो संपर्काचा.

तो येतो कुठून? सोने आणि पेंटासीन हा वीज वाहणारा कार्बनी रेणू, ही जोडी घ्या. सोन्यातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला सुमारे ५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवरचे ऊर्जेचे एकक) ऊर्जा लागते, पेंटासीनमधूनही जवळपास तेवढीच. म्हणजे कागदावर दोघांमध्ये ऊर्जेचा उंबरठा नसायला हवा. प्रत्यक्षात तो अर्ध्या इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास किंवा त्याहूनही उंच निघतो, आणि खोलीच्या तापमानाला विद्युतभाराकडे असलेली उष्णतेची ऊर्जा असते जेमतेम ०.०२५. याचे कारण असे, की धातूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनांचा ढग थोडा बाहेर सांडलेला असतो. त्यावर रेणू येऊन बसले की ते या ढगाला आत ढकलतात आणि सोन्याची इलेक्ट्रॉन धरून ठेवण्याची ताकद घटते. स्वच्छ धातूचे आकडे पाहून इलेक्ट्रोड निवडला, तर हिशेब इथेच चुकतो.

भर म्हणून पेंटासीनचे रेणू काचेसारख्या पृष्ठभागावर उभे राहतात, पण स्वच्छ सोन्यावर आडवे पडतात. त्यामुळे वीज जिथून आत शिरायची, नेमक्या त्याच कडेला स्फटिकांची रचना विस्कटते.

या दोन्ही दुखण्यांवर एकच औषध चालते: पेंटाफ्लुरोबेंझीनथायॉल. या रेणूच्या एका टोकाचा गंधक सोन्याला घट्ट चिकटतो, दुसऱ्या बाजूचे फ्लोरीनचे पाच अणू इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतात. सोने त्याच्या द्रावणात बुडवून काढले की जेमतेम एका रेणूएवढ्या जाडीचा थर बसतो. सोन्याची इलेक्ट्रॉनांवरची पकड पुन्हा वाढते आणि उंबरठा खाली येतो, शिवाय वरचे स्फटिकही नीट वाढतात. जर्मनीत श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या हागेन क्लाउक यांच्या गटाने २०२० मध्ये लवचीक ट्रान्झिस्टरांत संपर्करोध १० ओहम-सेंटीमीटरपर्यंत खाली आणल्याचे प्रसिद्ध केले. म्हणजे इलेक्ट्रोडची कड १ सेंटीमीटर रुंद असेल, तर रोध फक्त १० ओहम. हे ट्रान्झिस्टर ३ व्होल्टच्या आसपास चालतात आणि वेगात त्यांनी २१ मेगाहर्ट्झपर्यंत (सेकंदाला २.१ कोटी आवर्तने) मजल मारली.

ओएलईडीची कहाणी तर याहून चकित करणारी आहे. अमेरिकेतल्या कोडॅक कंपनीच्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅनस्लाइक यांनी १९८७ मध्ये १० व्होल्टपेक्षा कमी दाबावर उजळणारा दिवा दाखवला, तेव्हा इलेक्ट्रॉन पुरवायला मॅग्नेशियम आणि चांदीचा मिश्रधातू घेतला होता. अॅल्युमिनियम अधिक टिकाऊ, पण त्यातून इलेक्ट्रॉन सहज आत जात नसत. १९९७ मध्ये कोडॅकमध्येच अॅल्युमिनियमखाली लिथियम फ्लोराइडचा सुमारे अर्धा ते एक नॅनोमीटर थर देऊन पाहिला. लिथियम फ्लोराइड हा विद्युतरोधक! तरीही दिवा कमी व्होल्टेजवर जास्त उजळला. थर इतका पातळ, की तो वाट अडवत नाही, पण अॅल्युमिनियमचा आणि कार्बनी थराचा सांधा बदलून टाकतो. हाच थर जाड केला की फायदा संपतो.

थरात इलेक्ट्रॉन सोडण्याची बाजू आजही जास्त अवघड आहे, कारण ते सहज सोडणारे कॅल्शियमसारखे धातू हवेत लगेच खराब होतात. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या बर्नार्ड किपेलेन यांच्या गटाने वेगळी वाट दाखवली: अमाइन गट (नायट्रोजन असलेले अणुगट) असलेल्या एका पॉलिमरचा काही नॅनोमीटरचा लेप. तो सोन्यावर, चांदीवर, पारदर्शक ऑक्साइडांवरही चालतो, द्रावणातून देता येतो आणि हवेतही टिकतो.