आपला कुत्रा कुणाला चावला तर: दवाखाना, दहा दिवस आणि कागदपत्रं

"दहा दिवस थांबा, कुत्र्याला काही झालं नाही तर इंजेक्शनची गरजच नाही." कुत्रा चावला की जिन्यात, लिफ्टपाशी, फाटकावर हे वाक्य हमखास ऐकू येतं, आणि बहुतेक वेळा कुत्र्याचा मालकच ते बोलत असतो. त्याचा हेतू वाईट नसतो, पण या सल्ल्याने जीव जाऊ शकतो. दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवायचं असतं. माणसाची लस मात्र त्याच दिवशी सुरू करायची असते. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. दहा दिवसांनी कुत्रा ठणठणीत असला तर उरलेल्या डोसांचं काय करायचं, ते डॉक्टर ठरवतात.

म्हणून मालकाचं पहिलं काम म्हणजे कुत्र्याला घरात बंद करणं आणि चावलेल्या माणसाची जखम नळाखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवायला लावणं. घड्याळ लावून धुवा, कारण घाबरलेल्या माणसाला दोन मिनिटंही पंधरा वाटतात. हळद, चुना, मिरची, तेल यांतलं काहीही जखमेवर लावू नका. मग स्वतः त्या माणसाबरोबर दवाखान्यात जा. पुढे पोलिसांत तक्रार होते ती बऱ्याचदा चाव्यापेक्षा "मालक साधं विचारायलाही आला नाही" या रागातून.

दवाखान्यात अडतं ते सिरमपाशी

प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि सरकारी रुग्णालयांत रेबीजची लस मोफत मिळते. घोळ होतो तो सिरमचा, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनचा. कातडीला दात नुसता लागला, रक्त न येता ओरखडा उठला, तर डॉक्टरांच्या भाषेत ती चाव्याची दुसरी श्रेणी आणि त्याला लस पुरते. दात कातडीच्या आत गेला, रक्त आलं, किंवा उघड्या जखमेला कुत्र्याची लाळ लागली, तर ती तिसरी श्रेणी. तिथे लशीबरोबर सिरमही द्यावं लागतं, तेही जखमेत आणि जखमेभोवती. लस शरीरात काम करू लागेपर्यंत जे दिवस जातात, त्यांत हेच सिरम संरक्षण देतं.

सिरम प्रत्येक केंद्रात नसतं. "आमच्याकडे नाही, जिल्हा रुग्णालयात जा" असं ऐकून माणसं लसही न घेता परततात आणि दुसऱ्या दिवशी सवडीने निघतात. असं करू नका. लसीचा पहिला डोस तिथेच घ्या, केसपेपरवर नोंद करून घ्या आणि लगेच मोठं रुग्णालय गाठा. पहिल्या डोसनंतर सातव्या दिवसापर्यंत सिरम देता येतं, त्यानंतर ते देत नाहीत. पण ही मुदत उशीर झालेल्यांसाठी आहे, मुद्दाम थांबण्यासाठी नाही.

डोसांच्या तारखांतही गफलत होते. कातडीत द्यायची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात. दंडात स्नायूत द्यायची असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. शून्य म्हणजे पहिल्या डोसचा दिवस. पहिलं इंजेक्शन ५ तारखेला घेतलं असेल तर दुसरं ८ तारखेला आणि तिसरं १२ तारखेला. पुष्कळ जण पहिल्या दिवसालाच "एक" धरून मोजतात आणि तारीख चुकवतात.

केसपेपरवर चावल्याची तारीख, वेळ, श्रेणी आणि "पाळीव कुत्रा" हा उल्लेख आहे ना, ते खिडकी सोडण्यापूर्वीच वाचून घ्या. नंतर दुरुस्ती करून मिळताना नाकी नऊ येतात.

कुत्र्याचे कागद: चाव्याच्या आधीचे

पोलीस, महापालिका, विमा कंपनी, सगळे एकच गोष्ट मागतात: चाव्याच्या तारखेला मुदतीत असलेलं रेबीज लसीकरण. कुत्र्याच्या लसीकरणाची पुस्तिका प्रत्येकाकडे असते, पण ती चालेलच असं नाही. सगळ्यात जास्त फसगत "नाइन-इन-वन" इंजेक्शनमुळे होते. कुत्र्याला नऊ रोगांची लस दिली म्हणजे त्यात रेबीज आलाच, असं मालक धरून चालतात. बहुतेक नाइन-इन-वन लशींत रेबीज नसतो, त्याची लस वेगळी टोचावी लागते. आत्ताच पुस्तिका काढून बघा. रेबीजच्या ओळीसमोर कुपीवरचं बॅच क्रमांकाचं लेबल, दिल्याची तारीख, पुढची तारीख, डॉक्टरांची सही आणि पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा. नुसता दवाखान्याचा शिक्का किंवा लसीकरण शिबिराची पावती असेल तर उद्या कुणी प्रश्न विचारला की तुमच्याकडे उत्तर नसेल. कुत्रा दुसऱ्याकडून घेतला असेल तर पुस्तिकेवर अजून जुन्याच मालकाचं नाव असतं, तेही बदलून घ्या.

लस मुदतबाह्य निघाली की माणसं चाव्याच्या दुसऱ्याच दिवशी कुत्र्याला टोचून आणतात. कृपा करून असं करू नका. निरीक्षणाच्या दहा दिवसांत रेबीजची लस देत नाहीत, कारण लशीमुळे आलेली सुस्ती आणि आजाराचं लक्षण यांत गोंधळ होतो. शिवाय पुस्तिकेवर तारीख पडतेच. चाव्यानंतरच्या तारखेचा कागद तुमची बाजू लंगडी करतो. लस नव्हती तर नव्हती म्हणून सांगा आणि निरीक्षण काटेकोर करा. आणि लस मुदतीत असली तरी चावलेल्या माणसाला "इंजेक्शन नको" म्हणण्याचा अधिकार त्यामुळे मिळत नाही.

दहा दिवसांचं पत्र

हा कागद जवळजवळ कुणाकडेच नसतो, आणि मागतात तेव्हा दहा दिवस उलटून गेलेले असतात. त्याचा सरकारी नमुना शोधत बसू नका. चावल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पशुवैद्यकाला कुत्रा दाखवा, आणि दहा दिवस पूर्ण झाल्यावर पुन्हा दाखवा. डॉक्टरांकडून लेटरहेडवर पत्र घ्या. त्यात मालकाचं नाव, कुत्र्याची जात, रंग, वय, मायक्रोचिप असेल तर क्रमांक, रेबीज लशीची तारीख, चावल्याची तारीख आणि दोन्ही तपासण्यांच्या तारखा असाव्यात. एकच तपासणी दहाव्या दिवशी केली तर डॉक्टर मधल्या काळाबद्दल काय लिहिणार? दिवस चावल्यापासून मोजायचे, तक्रार आल्यापासून किंवा नोटीस मिळाल्यापासून नव्हे.

या काळात कुत्रा घरात, घरच्यांच्याही मर्यादित संपर्कात ठेवा. आवाज बदलणं, खालचा जबडा लोंबणं, लाळ गळणं, मागचे पाय लुळे पडणं, एकाएकी कोपऱ्यात दडून बसणं, यांतलं काहीही दिसलं तर हात न लावता डॉक्टरांना फोन करा. कुत्रा दगावला तर लगेच पुरू नका. मेंदूचा नमुना तपासला तरच निदान पक्कं होतं. त्यासाठी पशुवैद्यकीय महाविद्यालयाशी किंवा शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्याशी त्याच दिवशी बोला आणि चावलेल्या माणसाच्या डॉक्टरांना तातडीने कळवा.

घाबरून कुत्रा गावी पाठवणं किंवा दूर नेऊन सोडणं हा दोन्हीकडून तोटा. निरीक्षण बुडतं, आणि पाळलेलं जनावर वाऱ्यावर सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे.

महापालिकेचा परवाना

मुंबई, पुण्यासारख्या महापालिकांत कुत्र्याचा परवाना लागतो. पत्त्याचा पुरावा, कुत्र्याचा फोटो, रेबीज लसीकरणाचा दाखला आणि शुल्क, एवढंच लागतं. अर्ज अडतो तो लसीची मुदत संपल्यामुळे. मुदत पाहून अर्ज भरा आणि दर वर्षी नूतनीकरण करा. चाव्यानंतर काढलेला परवाना झालेल्या घटनेला लागू पडत नाही, पण तरीही तो काढा.

पोलीस ठाणं

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. जुन्या दंडविधानातलं कलम २८९ आता कलम २९१ झालं आहे: ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला संभवणारा धोका टाळण्याची पुरेशी खबरदारी न घेणं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. निष्काळजीपणाने दुखापत झाल्याबद्दल कलम १२५ ही लागू शकतं, आणि दुखापत गंभीर असेल तर कैद तीन वर्षांपर्यंत जाते. "ताब्यातला" हा शब्द नीट वाचा. कुत्रा फिरवायला नेणारा मुलगाही त्यात येऊ शकतो, म्हणून अंगापिंडाने मोठा कुत्रा लहान मुलाच्या हाती देऊ नका.

"आमचं आपसात मिटलं, आता काही होणार नाही" या भरवशावर पुष्कळ जण राहतात. उपचाराचा खर्च द्या, जरूर द्या, आणि पावत्या जपा. पण कलम २९१ हा दखलपात्र गुन्हा आहे आणि आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. गुन्हा नोंदला गेला असेल तर तक्रारदाराने लिहून दिलं तरी तो ठाण्यात मागे घेता येत नाही, रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयात जावं लागतं. हे ठाण्यात कुणी समजावून सांगत नाही, याचा खरोखर राग येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची, म्हणजे पोलिसांपुढे हजर राहण्याची नोटीस आली तर दिलेल्या तारखेला हजर राहा. ती नोटीस म्हणजे अटक नव्हे, पण गैरहजर राहिलात तर अटक होऊ शकते. गुन्हा जामीनपात्र आहे. जबाबात पट्टा होता की नव्हता, तेवढंच खरं सांगा. लिफ्टमध्ये आणि फाटकावर हल्ली कॅमेरे असतात.

मुंबईत २०१० साली रॉटवायलर चावल्याच्या प्रकरणात गिरगावच्या न्यायालयाने २०२३ मध्ये मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली. मध्ये तेरा वर्षं गेली. तेव्हा केसपेपर, पुस्तिका, पशुवैद्यकाचं पत्र आणि पावत्या यांच्या प्रती कुत्रा गेल्यावरही टाकून देऊ नका.

कुत्र्याचा विमा असेल आणि त्यात तिऱ्हाइताच्या नुकसानीची तरतूद असेल, तर कंपनीला लगेच लेखी कळवा. कंपनीला न विचारता रक्कम कबूल केली तर दावा नाकारला जाऊ शकतो. आधी खिशातून तातडीचा खर्च करा, रकमेचं बोलणं नंतर.

सोसायटीकडून "कुत्रा आठ दिवसांत हलवा" अशी चिठ्ठी आली तर घाबरून घरातलं जनावर घालवू नका. पाळीव प्राणी ठेवण्यावर सोसायटीने बंदी घालू नये, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने परिपत्रकातून स्पष्ट केलेलं आहे. सेक्रेटरींना लेखी उत्तर द्या, सोबत लसीकरणाच्या पानाची आणि पशुवैद्यकाच्या दोन तारखांच्या पत्राची प्रत जोडा, आणि सामाईक जागेत पट्टा व तोंडाला जाळी लावूनच कुत्रा नेऊ असं लिहून द्या. पशुवैद्यकाच्या त्याच पत्राची एक प्रत चावलेल्या माणसाच्या घरी स्वतः नेऊन द्या. २८ व्या दिवसाच्या डोसपूर्वी ती त्याच्या डॉक्टरांच्या हाती पडायला हवी.