बेरोजगारीचा दर ३.२ की ५.१? दोन्ही खरे!

मे २०२५ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने बेरोजगारीचा मासिक आकडा पहिल्यांदाच जाहीर केला. एप्रिल महिन्याचा दर निघाला ५.१ टक्के. त्याआधीच्या वार्षिक अहवालात, म्हणजे जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षासाठी, तो ३.२ टक्के होता. हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवले की वर्षभरात बेरोजगारी दीडपट झाली असेच कुणालाही वाटेल. पण यातला एक पायलीने मोजलेला आहे आणि दुसरा किलोने. दोन्ही बरोबर आहेत, फक्त एकातून दुसरा वजा करता येत नाही.

आधी माप समजून घेऊ. या कार्यालयाच्या श्रमशक्ती सर्वेक्षणाचे (पीएलएफएस हे त्याचे प्रचलित नाव) प्रगणक घरोघर जातात आणि १५ वर्षांवरील प्रत्येकाला तीनपैकी एका गटात टाकतात: काम करणारे, काम नसलेले पण हवे असलेले, आणि यांपैकी काहीच नसलेले. पहिले दोन गट मिळून श्रमशक्ती. तिसरा गट तिच्या बाहेरचा. त्यात विद्यार्थी येतात, पेन्शनवर जगणारे येतात, घरकाम करणाऱ्या बायका येतात. अर्थशास्त्र या गटाला ‘निष्क्रिय’ म्हणते. दोन मैलांवरून पाणी आणणारी बाई निष्क्रिय कशी, हा प्रश्न रास्त आहे, पण तो तूर्त बाजूला ठेवू.

बेरोजगारीचा दर म्हणजे दुसरा गट भागिले श्रमशक्ती. भागिले लोकसंख्या नव्हे. सगळी गंमत या छेदात आहे. समजा एका गावात १,००० प्रौढ आहेत. ५७० कामावर, ३० कामाच्या शोधात, ४०० बाहेर. दर झाला ३० भागिले ६००, म्हणजे ५ टक्के. आता त्या ३० पैकी १० जण कंटाळले आणि ‘आता काम नकोच’ म्हणून घरी बसले. नवा दर २० भागिले ५९०, म्हणजे साधारण ३.४ टक्के. एकालाही काम मिळाले नाही, तरी बेरोजगारी घटली! उलटही घडते. जवळपास कारखाना येणार अशी बातमी आली आणि घरी असलेल्या २० जणी काम मागू लागल्या, तर मूळच्या ३० मध्ये त्या मिळवून ५० भागिले ६२० म्हणजे दर ८ टक्क्यांवर जातो. कुणाचीही नोकरी गेलेली नसते. म्हणून दराच्या आधी कामगार-लोकसंख्या प्रमाण, म्हणजे एकूण प्रौढांपैकी किती जण कामावर आहेत ते, पाहावे. वरच्या तिन्ही प्रसंगांत ते ५७ टक्केच आहे.

परदेशी पाठ्यपुस्तकात हे उदाहरण वाचून कुणी भारताला जसेच्या तसे लावले तर मात्र फसगत होते. आंतरराष्ट्रीय व्याख्येनुसार, सहसा, काम प्रत्यक्ष शोधले असेल तरच माणूस बेरोजगार. आपल्याकडे शोधले नसले तरी ‘मिळाले तर करेन’ एवढे म्हटले की पुरते. साप्ताहिक मोजणीत शोधणाऱ्यांना ८१ आणि न शोधता तयार असणाऱ्यांना ८२ असे वेगळे कोडही आहेत. त्यामुळे आपल्या गावातले ते दहा जण आकड्यातून गळायला त्यांनी शोध थांबवणे पुरेसे नाही, ‘नकोच’ म्हणावे लागते.

आता पायली आणि किलो. या मोजणीचा पाया अर्थतज्ज्ञ प्रा. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७० मध्ये घातला आणि १९७२-७३ च्या नमुना पाहणीत ती पहिल्यांदा वापरली गेली. त्यातली दोन मापे आजच्या बातम्यांत येतात. ‘नेहमीची स्थिती’ मागचे ३६५ दिवस पाहते, तर ‘चालू साप्ताहिक स्थिती’ मागचे ७ दिवस. ३.२ हा आकडा पहिल्या मापाचा, ५.१ दुसऱ्याचा.

साप्ताहिक मापाचा नियम सोपा आहे. सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी किमान एक तास काम केले तर तो माणूस कामावर. एकही तास केले नाही, पण निदान एक तास काम शोधले किंवा त्यासाठी तयार होता, तर बेरोजगार. तेही नसेल तर बाहेर. प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा आहे: काम नेहमी आधी तपासतात. सहा दिवस नाक्यावर उभे राहून सातव्या दिवशी तासभर हमाली मिळाली की माणूस कामावर असलेल्यांत गेला. नोकरी आहे पण आठवडाभर आजारी होता किंवा अन्य कारणाने गेला नाही, तोही कामावरच (कोड ७१ आणि ७२). २०२० च्या टाळेबंदीत आस्थापना बंद होती, पण नोकरी कागदावर शाबूत होती, असे लोकही यात बसले.

‘नेहमीची स्थिती’ याहून गुंतागुंतीची आहे, आणि मला विचाराल तर जास्त चमत्कारिकही. ती दोन पायऱ्यांनी ठरते. पहिली पायरी मुख्य स्थिती: वर्षाचा जास्त काळ श्रमशक्तीत गेला की बाहेर? आत गेला असेल तर त्या आतल्या काळापैकी जास्त काळ काम की शोध? दुसरी पायरी दुय्यम स्थिती: मुख्य स्थिती काहीही ठरो, वर्षात एकूण ३० दिवस किंवा अधिक काम केले आहे का? केले असेल तर माणूस काम करणाऱ्यांत धरायचा.

एक बाई घ्या. जून-जुलैचे दोन महिने घरच्या शेतात भातलावणी. पुढे नोव्हेंबर ते जानेवारी तीन महिने ती काम शोधते. उरलेले सात महिने घर. श्रमशक्तीत पाच महिने, बाहेर सात, म्हणून मुख्य स्थिती ‘बाहेर’. पण लावणीचे दिवस तिसाच्या वर आहेत, म्हणून दुय्यम स्थितीने ती काम करणारी ठरते. तीन महिन्यांचा शोध कुठे गेला? कुठेच नोंदला गेला नाही. कारण दुसरी पायरी फक्त काम शोधते, ‘दुय्यम बेरोजगार’ असा वर्गच नाही.

आता एक पुरुष घ्या. चार महिने बांधकामावर, पाच महिने काम शोधत, तीन महिने नुसता घरी. आतले नऊ महिने, त्यात शोध जास्त, म्हणून मुख्य स्थिती सरळ ‘बेरोजगार’. तरीही चार महिन्यांच्या कामाने दुसऱ्या पायरीवर तो काम करणाऱ्यांत जातो. जाहीर होणाऱ्या ३.२ टक्क्यांत तो नाही!

म्हणजे त्या ३.२ टक्क्यांत उरतात कोण? वर्षाचा मोठा भाग कामाच्या शोधात घालवून तीस दिवसांचेही काम न केलेले लोक. हातावर पोट असणाऱ्याला हे परवडतच नाही, तो मिळेल ते करतो. परवडते ते घरचा आधार असलेल्या, स्पर्धा परीक्षा देणाऱ्या, पदवी घेतलेल्या मुलांना. म्हणूनच २०२३-२४ मध्ये १५ ते २९ वयोगटाचा दर १०.२ टक्के दिसतो, एकूण दराच्या तिपटीहून जास्त.

आणि तीच लावणीवाली बाई साप्ताहिक मापात? प्रगणक जुलैत आला तर कामावर, डिसेंबरात आला तर बेरोजगार, मार्चमध्ये आला तर बाहेर. हे माप शोधाचे महिने गिळत नाही, म्हणून त्याचा दर सहसा वर राहतो.

आता तिसऱ्या गटाकडे. २०१७-१८ मध्ये १५ वर्षांवरील स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये तो ४१.७ टक्के झाला. सहा वर्षांत एवढी उडी मारली म्हणून टाळ्या वाजवायच्या आधी कोड पाहावेत. काम करणाऱ्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिक ‘घरच्या उद्योगातील विनावेतन मदतनीस’ आहेत, कोड २१. घरकाम म्हणजे कोड ९२. या दोहोंतली सीमा कुठे? घरी खाण्यासाठी भात पिकवला तर आपल्या मोजणीत ते काम आहे, पण तोच भात घरासाठी कांडला तर काम नाही. म्हैस सांभाळली तर काम, तिच्या दुधाचे घरापुरते दही लावले तर नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१३ च्या मानकानुसार तर फक्त स्वतःच्या खाण्यासाठी पिकवणे हीसुद्धा नोकरीत मोजायची गोष्ट नव्हे. ‘घरीच असते हो’ या उत्तरावर प्रगणक थांबला की ९२, आणि ‘गोठ्याचे कोण पाहते?’ असे विचारले की २१. वाढ खोटी आहे असे नव्हे. पण वाढ झाली म्हणजे पगार मिळू लागला, असे त्यातून निघत नाही.

देशांची तुलना करतानाही जपून. ब्रिटनमध्ये निष्क्रियतेचा दर १६ ते ६४ वयासाठी काढतात, आपला सहभागाचा दर १५ च्या पुढे वरची मर्यादा न ठेवता. आपल्या छेदात ८० वर्षांची आजीही आहे.

भविष्य निर्वाह निधीच्या आकड्यांवरून ‘महिन्यात इतके लाख रोजगार निर्माण’ असे सांगण्याची एक फॅशन आहे, तिला तर गणिताचा काहीच आधार नाही. हा कायदा २० कामगारांच्या आस्थापनेला लागू होतो. १९ जणांच्या कारखान्यात विसावा माणूस आला की विसाही जणांची नावे नोंदायची वेळ येते. रोजगार वाढला एक, यादीत खाती वाढू शकतात वीस. किती कामगार कायद्याच्या कक्षेत आले हे मोजायला आकडा उत्तम, पण नोकऱ्या मोजायला नाही.

मे २०२५ चा मासिक दर ५.६ टक्के आला. एप्रिलच्या ५.१ शी त्याची तुलना लगेच झाली, माप या वेळी एकच असल्यामुळे ती निदान शक्य तरी होती. पण रब्बीची काढणी उरकलेली आणि पेरणीला पाऊस यायचा, असा हा महिना, आणि या आकड्यांतून हंगामाचा परिणाम वजा केलेला नसतो. मेची तुलना मेशीच करावी लागते. मासिक मालिका एप्रिल २०२५ पासून सुरू होते, त्यामुळे पहिल्या मेची जोडी लागायला २०२६ चा मे यावा लागतो.