कुंडलिकेचं पाणी येतं कुठून?

कोलाडच्या राफ्टिंगच्या जाहिरातींत कुंडलिका हमखास ‘अवखळ, मुक्त वाहणारी नदी’ असते. बारमाही पाणी आहे म्हणजे वर धरण नसणार, असा समज त्यातूनच पसरला. प्रकार नेमका उलटा आहे.

हे पाणी मुळात कोकणाचं नाहीच. मुळशी धरणात अडवलेलं मुळा नदीचं पाणी एरवी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं. ते घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात जनित्रं फिरवतं आणि मग कुंडलिकेत येतं. म्हणून राफ्टिंगची वेळ नदी नव्हे, वीजघरातून होणारा विसर्ग ठरवतो. चिपळूणच्या वाशिष्ठी नदीतही कोयनेचं अवजल, म्हणजे वीज बनवून झाल्यावर सोडलेलं पाणी, येतंच.

धरण नसलेल्या कोकणी नदीचा स्वभाव वेगळा. सह्याद्रीपासून समुद्र जेमतेम 50-60 किलोमीटर. पावसाळ्यात लोंढा, आणि मार्चपर्यंत उरतात डोह, कातळ, गोटे. पाठीवर नेता येणारी 2-4 किलोंची पॅकराफ्ट (हवा भरायची छोटी होडी) हौसेने आणाल, पण उन्हाळ्यात ती वल्हवण्यापेक्षा उचलावीच जास्त लागेल. पाऊस ओसरल्यानंतरचे आठवडे त्यातल्या त्यात बरे. भर पावसात मात्र नकोच. घाटात तासभर कोसळला की खाली पाणी किती चढेल याचा नेम नाही.

खाडीपट्ट्यात तर प्रवाहापेक्षा भरती-ओहोटी महत्त्वाची. ओहोटी लागली की सुटायचं. तिथीवरून तिची वेळ गावातला कुणीही कोळी सांगेल.