राजाराम बंधाऱ्याचा आकडा आणि कलादालन

कोल्हापुरात पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका. पावसाळ्यात कोल्हापूरकर दिवसातून चार वेळा हा आकडा बघतात. ऑगस्ट 2019 मध्ये तो 55 फुटांच्या वर गेला. पर्यावरण आणि हवामानबदलावरची डिजिटल कला अशाच आकड्यांतून घडते. ती लोकांपुढे मांडायची रीत मात्र संगणक घरोघरी येण्याच्या कितीतरी आधीची.

कलाकृती म्हणजे निव्वळ वस्तू नव्हे, ती एक चालती व्यवस्था असू शकते, हे अमेरिकी समीक्षक जॅक बर्नहॅम यांनी 1968 मध्ये मांडलं. 1972 मध्ये कलावंत हान्स हाके यांनी जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या संग्रहालयात ऱ्हाईन नदीचं दूषित पाणी आणलं, तिथेच शुद्ध केलं आणि त्यात गोल्डफिश सोडले. कोल्हापुरातल्या जयंती नाल्याचं पाणी शाहू स्मारकच्या कलादालनात आणावं, तसाच हा प्रकार. क्युरेटरचं, म्हणजे प्रदर्शन मांडणाऱ्याचं, काम इथे बदललं. चित्र टांगून मोकळं होता येईना. पाणी वाहतं ठेवायचं, मासे जगवायचे.

पुढे सेन्सर आणि डेटा आले. 2008 मध्ये हेलसिंकीत ‘हेहे’ या कलावंत जोडीने वीज केंद्राच्या चिमणीतून निघणाऱ्या वाफेवर हिरव्या लेझरने ढग रेखला. शहरात विजेचा वापर कमी झाला की ढग मोठा व्हायचा. मला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण ते बघायला दालनात जावं लागत नव्हतं आणि ढग वाढवणं बघणाऱ्यांच्याच हातात होतं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्लीत ‘48 डिग्री सेल्सियस’ हा सार्वजनिक कलामहोत्सव भरला. क्युरेटर होत्या ‘खोज’ या कलासंस्थेच्या पूजा सूद. चित्रपटकार अमर कंवर यांचं ओडिशातल्या जमीन-संघर्षावरचं ‘द सॉव्हरिन फॉरेस्ट’ हे मांडणीकाम 2012 मध्ये जर्मनीत दिसलं आणि भुवनेश्वरलाही मांडलं गेलं. तिथे लोकांना आपल्याकडचे पुरावे आणून त्यात भर घालता येत होती. पूरग्रस्त गावांसाठी हीच पद्धत मला योग्य वाटते. पुराचे फोटो ज्यांच्या मोबाइलमध्ये आहेत, मांडणीतही त्यांचा शब्द चालला पाहिजे.

निसर्ग आणि यंत्र कलेत आणणं कोल्हापूरला परकं नाही. चित्रकार आबालाल रहिमान यांनी इथली तळी आणि निसर्ग रंगवला, तर चित्रकारच असलेल्या बाबूराव पेंटरांनी स्वतः सिनेमाचा कॅमेरा तयार केला.

एक प्रश्न मात्र अलीकडचा: या कलेला लागणाऱ्या विजेचं काय? डिजिटल कलेची एनएफटी (मालकीचा डिजिटल दाखला) विक्री जिथे जोरात चालली, त्या इथेरियम या ब्लॉकचेन जाळ्याने सप्टेंबर 2022 मध्ये कार्यपद्धती बदलली आणि त्याचा वीजवापर 99 टक्क्यांहून जास्त घटला. प्रोजेक्टर आणि सर्व्हर मात्र दिवसभर वीज खातातच. तेव्हा पडदे किती तास चालू ठेवायचे, यंत्रं गावातूनच भाड्याने मिळतील का, हेही क्युरेटरने आधीच ठरवायला हवं.